किनऱ्या आवाजाचा बाबा

दत्तेश केळुसकरच्या लेकीला दोन बाप होते, आणि पंचाईत अशी की दोन्ही दत्तेशच होता.

एक बाप फोनमध्ये राहायचा. त्याचा आवाज किनरा, चिमणीला पडसं झाल्यासारखा. रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तो एका वाट चुकलेल्या तारली मासळीची गोष्ट सांगायचा. सावीचा त्याच्यावर भारी जीव. दुसरा बाप वर्षातून तीन-चारदा दाढी वाढवून, खांद्याला बॅग लावून देवबागच्या घरी उगवायचा आणि घोगऱ्या आवाजात 'सावी, ये गो' म्हणायचा. मग सावी आईच्या ड्रेसमध्ये तोंड खुपसून बसायची. आज जाईल, उद्या जाईल म्हणून त्या माणसाच्या जाण्याची ती वाट बघायची. तो गेला की फोनमधला बाबा परत बोलायला लागतो, एवढा हिशेब तिला बरोबर जमला होता.

दत्तेश खोल पाण्यातला पाणबुड्या होता. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी तेलाच्या नळवाहिन्या आहेत, त्या दुरुस्त करायचं त्याचं काम. तेवढ्या खोलीवरून रोज वर यायचं म्हटलं तर एका फेरीलाच दिवसचे दिवस लागतात. म्हणून जहाजावर एक पोलादी पिंप असतं. त्यात तळाइतकाच दाब ठेवतात आणि पाणबुडे अठ्ठावीस अठ्ठावीस दिवस त्या पिंपातच राहतात. तिथं साधी हवा चालत नाही, एवढ्या दाबाखाली ती दारूसारखी चढते. म्हणून प्राणवायूत हेलियम मिसळतात. हेलियम हलका वायू. तो नरड्यात गेला की पहिलवानाचाही आवाज किनरा होतो.

घरी फोन लावताना हा आवाज सरळ करणारं एक यंत्र असतं. सावी सहा महिन्यांची असताना एकदा ते बिघडलं. जहाजाची लाइन नुसत्या आवाजाची, चेहरा काही दिसायचा नाही. त्या दिवशी बापाचा चींचीं आवाज ऐकून लेक उचकी लागेपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्त झालं, पण दत्तेशनं आपल्या हातानं त्याचं बटण बंद केलं. लेक हसते तर हसू दे. तिचं हसू ऐकलं की अठ्ठावीसातला एक दिवस सुखाचा जायचा. असं करता करता चार वर्षं झाली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

"तिचो बाबा फोनात आसा," रुचिता, त्याची बायको, एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती. "तू कोण, ता तिका म्हायत नाय. सांग मा तिका एकदा."

"सांगतलंय," दत्तेश म्हणाला होता. पण ते कसं सांगायचं, हे त्याला कधीच सुचलं नाही. समुद्राच्या तळाशी अंधारात चाचपडत बोल्ट आवळणारा माणूस हा. चार वर्षांच्या पोरीसमोर त्याची बोबडी वळायची.

आणि या खेपेला तो घरी येऊन चारच दिवस झाले असताना सावीचं पोट दुखायला लागलं.

करवंदं जास्त खाल्ली असतील, असं शेजारणीपासून सगळ्यांचं मत पडलं. बेंबीवर हिंगाचा लेप झाला, ओवा चावून झाला. दुसऱ्या दिवशी दुखायचं अचानक थांबलं, तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं. तिथंच चुकलं. आंत्रपुच्छ फुटलं होतं, म्हणून दुखणं थांबलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि पोट तबल्यासारखं ताठ झालं. तेव्हा तिला कुडाळजवळ नव्यानं उभ्या राहिलेल्या मुलांच्या इस्पितळात आणलं. तासाभरात ऑपरेशन झालं, पू काढला, नळ्या बसवल्या. तरी दोन दिवसांनी ताप तसाच. एकाला दोन, दोनाला तीन औषधं झाली. जंतू एकालाही दाद देईनात.

डॉ. शर्मिष्ठा परुळेकर यांनी नवरा-बायकोला समोर बसवलं. टेबलावर सोड्याची एक बाटली होती. ती त्या प्रत्येक आईबापासमोर ठेवत असाव्यात.

"हे जंतू प्राणवायू नसलेल्या जागेत माजतात," त्या म्हणाल्या. "सावीचं आतडं सुजलंय. सुजेमुळे तिथं रक्त पोचत नाही. रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही, औषधही नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात, पण त्यांनाही त्या कामाला प्राणवायू लागतो. आता ही बाटली बघा. दाबाखाली वायू पाण्यात विरघळतो. तसंच आपण सावीला जास्त दाबात ठेवलं, तर प्राणवायू थेट तिच्या रक्तातल्या पाण्यात विरघळेल आणि सुजेतूनही झिरपत आत जाईल."

"किती वेळ ठेवतले?" रुचितानं विचारलं.

"पूर्वी रोज दीड तास ठेवायचे. दीड तास जंतू दबायचे, बाकीचे साडेबावीस तास पुन्हा डोकं वर काढायचे. आता आमच्याकडे दाबघर आहे. त्यात मूल चार-पाच दिवस सलग राहतं. प्राणवायू जास्त झाला तर तोही विष ठरतो, फुप्फुसं जाळतो. म्हणून पोटावरची पट्टी आतड्यातला प्राणवायू मोजत राहते आणि यंत्र त्याप्रमाणे डोस कमी-जास्त करतं. बाकीचा वायू हेलियम. पोट फुगल्यामुळे तिचा श्वास वरच्यावर चाललाय, हलका वायू तिला ओढायला सोपा जाईल."

हेलियम म्हटल्यावर दत्तेशनं मान वर केली.

"एकच गोष्ट," डॉक्टर म्हणाल्या. "लहान मुलाला आत एकटं ठेवत नाही. घरचं एक माणूस बरोबर लागतं. आणि एकदा आत गेलं की मधेच बाहेर येता येत नाही. बाटली धाडकन उघडली की काय होतं? तेच अंगात होतं. बाहेर यायला तीस तास लागतात."

"मिया जातंय," रुचिता उभीच राहिली.

पण रुचिताला कॉलेजात असताना क्षय झाला होता. तो बरा झाला, पण उजव्या फुप्फुसात हवेचा एक फुगा ठेवून गेला होता. दाब उतरताना तो फुटला असता. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. रुचिता त्या फोटोकडे बघत राहिली आणि मग नवऱ्याकडे वळून जे बोलली, ते दत्तेशच्या काळजात रुतलं.

"ती तुझ्याकडे ऱ्हवाची नाय रे."

दाबघरात जाण्याआधी दत्तेशची दाढी काढली, कारण अडीअडचणीला लावायचा मास्क दाढीवर नीट बसत नाही. सावीच्या केसांचं खोबरेल तेल तीनदा धुतलं. एवढ्या प्राणवायूत तेलाला आग लागायला निमित्त पुरतं. दोघांना सुती कपडे चढवले. सावी आईसाठी हात पसरून रडत होती, आणि तिचं रडणंही पोट दुखेल म्हणून अर्ध्यात अडकत होतं. दरवाजा लागला.

बाहेर यंत्रापाशी बाबल गावडे बसायचा. साठीचा, पानाचा शौकीन, पण ड्यूटीवर सुपारीलाही न शिवणारा. स्पीकरमधून त्याचा आवाज आला, "दत्तेशा, तुका काय शिकवूचा? तू पिंपातलोच माणूस. चेडवाक गिळूक सांग, नायतर कान दुखतीत."

दाब चढायला लागला. खोली गरम झाली. सावी भिंतीला चिकटून अंग चोरत होती. हा घोगरा माणूस आपल्याला हात लावणार, एवढीच तिला भीती. दत्तेश दोन हात लांब बसून राहिला. हेलियम भरत होता. सावीनं कानांवर हात दाबले आणि ओठ काढले, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"गिळ गो बाय. थुंकी गिळ," तो म्हणाला.

आवाज किनरा निघाला. सावी रडायची थांबली. तिनं छताकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं, उशीखाली बघितलं.

"बाबा?" तिनं हाक मारली, आणि स्वतःचाही आवाज चींचीं आलेला ऐकून तिचे डोळे मोठे झाले. "बाबा, तू खंय आसस?"

"हयसर," दत्तेश म्हणाला.

तिनं त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघितलं. दाढी नसलेला चेहरा, तिच्या दृष्टीनं नवाच.

"तारलीचा काय झाला?" तिनं परीक्षा घेतली.

"तारली गेली दगडाच्या घरात. थंय बसलेलो खेकडो. तो म्हणता, भाडा दी."

सावीचा चेहरा तापातही फुलला. तिनं हात पुढे केला आणि त्याचं बोट मुठीत धरलं. चार वर्षांत दत्तेशला तिनं आपणहून पहिल्यांदाच धरलं होतं. त्याला रडू आलं. ते त्यानं खोकल्यात लपवलं.

"आपण फोनात आसंव?" तिनं विचारलं.

"होय. फोनातच."

"आणि तो घोगरो माणूस?"

आता खरं सांगायची वेळ होती. मुठीतलं बोट सुटेल या भीतीनं दत्तेश म्हणाला, "तो भायर ऱ्हवलो."

ते चार दिवस दत्तेशच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, आणि लेक जिवावरच्या दुखण्यात असताना आपल्याला सुख वाटतं याची त्याला लाज वाटायची. दोघांनी मिळून तारलीला गोव्यापर्यंत नेलं. पाणबुडे पाण्याखाली करतात त्या हाताच्या खुणा त्यानं तिला शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे 'बरं आहे'. पंजा आडवा हलवला म्हणजे 'काहीतरी दुखतंय'. पहिल्या दिवशी सावीचा पंजाच हलत होता. दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तिनं चार चमचे पेज खाल्ली आणि 'चव नाय' म्हणून तोंड वाकडं केलं. दाबाखाली कशालाच चव लागत नाही, हे दत्तेशला ठाऊक होतं. पण तिची तक्रार त्याला अमृतासारखी लागली.

रुचिता दिवसभर काचेपाशी. काच वीतभर जाड. बाहेरच्या स्पीकरला आवाज सरळ करणारं यंत्र होतं, त्यामुळे तिला दोघांचेही आवाज नेहमीसारखेच ऐकू यायचे. तिनं वस्तू आत घ्यायच्या छोट्या पेटीतून सावीचा लाल रबरी बॉल पाठवला. तो आत पोचला तेव्हा सुकलेल्या आमसुलासारखा आक्रसला होता. सावीनं तो काचेला लावून आईला दाखवला आणि आई हसली. मग सावीनं काचेवर आईच्या तळव्यावर आपला तळवा ठेवला, आणि दोघी तशाच राहिल्या. वीतभर काच, पण मध्ये तीस तासांची वाट. दत्तेशनं पाठ फिरवली. इतकी वर्षं आपण ज्या बाजूला असतो ती बाजू रुचिता आज बघत्येय, असं त्याच्या मनात आलं.

दर चार तासांनी त्याला सावीचं पोट दाबून सांगावं लागायचं. पट्टी प्राणवायूचा आकडा सांगायची, पण डॉक्टरांचा भरवसा हातावर. "आकडा यंत्राला विचारते," त्या म्हणायच्या, "पोट तुम्हाला."

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर काचेशी आल्या.

"आकडे चांगले आलेत. पोट मऊ असेल तर दाब उतरवायला सुरुवात करू. शेवटचे दहा तास हेलियम काढून साधी हवा भरू, म्हणजे बाहेरच्या हवेची तिला सवय होईल. बोला, पोट कसं आहे?"

साधी हवा. म्हणजे आवाज परत घोगरा. सावी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, त्याच्या अंगठ्याशी चाळा करत. दत्तेशनं तिच्या पोटावर हात ठेवला. पोट मऊ होतं, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखं. 'थोडं ताठ वाटतंय' एवढं बोललं की झालं. आणखी एक दिवस मिळाला असता. फार काय, दोनसुद्धा. तिनं 'बाबा' म्हणावं आणि आपण 'ओ' द्यावी, याहून जास्त त्याला काही नको होतं.

"दत्तेश?" डॉक्टर म्हणाल्या.

गरजेपेक्षा जास्त प्राणवायू फुप्फुसं जाळतो. सोड्याच्या बाटलीशेजारी बसून ऐकलेलं ते वाक्य त्याला आठवलं. आपल्या सुखाचं बिल लेकीच्या छातीवर फाडायचं?

"मऊ आसा," तो म्हणाला. "एकदम मऊ."

काचेपलीकडे रुचितानं हात जोडले.

दाब उतरायला लागला. बॉल तासातासानं फुगायला लागला. सावी तो दाबून बघायची आणि आईला दाखवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी साधी हवा सुरू झाली, तसं दत्तेशनं बोलणं बंद केलं. आधी त्यानं घशाकडे बोट दाखवून 'दुखतंय' अशी खूण केली. सावीनं समंजसपणे मान डोलावली आणि तारलीची गोष्ट आता आपण सांगायची असं ठरवलं. ती सांगत राहिली, तो खुणांनी हुंकार भरत राहिला. इतका बोलका माणूस असा गप्प झालेला बघून बाबल बाहेरून ओरडला, "काय रे, जीभ आमसुलात पडली की काय?" दत्तेशनं त्यालाही गोल करून दाखवला.

दुपारी बाराच्या सुमाराला सावी गोष्ट सांगता सांगता अडकली. पुन्हा एक वाक्य बोलली. पुन्हा थांबली. गळ्याला हात लावून बघितला.

"माझो आवाज खंय गेलो?" ती म्हणाली. तो तिचा साधा, घरचा आवाज होता. पाच दिवसांत ती आपला आवाज विसरली होती. "बाबा, माझो आवाज खंय गेलो?"

दत्तेशनं 'बरं आहे' म्हणून गोल दाखवला. तिला तो पुरला नाही. ओठ काढले, डोळे भरले, आणि तिचा पंजा आडवा हलायला लागला. काहीतरी दुखतंय. काय दुखतंय ते सांगायला तिच्याकडे खूण नव्हती. खूण दत्तेशकडेही नव्हती. बोलल्याशिवाय सुटका नव्हती.

"हयच आसा गो," तो म्हणाला. आवाज घोगरा, जाड, खुर्ची फरफटावी तसा. "खंय गेलो नाय. हवा बदलली. माझो पण बदललो, बघ."

सावी दचकून मागे सरकली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दत्तेशनं हात मांडीवर ठेवले, हलवले नाहीत.

"तू तो घोगरो माणूस," ती म्हणाली.

"होय."

"मगे बाबा खंय आसा?"

"तो पण मियाच. फोनात मियाच बोलतंय. तुका हसू येय, म्हणून तसोच बोलत ऱ्हवलंय. चूक झाली माझी. त्या दिवशी तो माणूस भायर ऱ्हवलो म्हणून सांगलंय, ता पण खोटा."

सावीनं बॉल उचलला, दाबला. तो आता जवळजवळ पहिल्याइतका गोल झाला होता. तिनं स्वतःचा गळा पुन्हा चाचपला. मग पुढे वाकून त्याच्या गळ्याला हात लावला.

"खेकड्यान भाडा घेतल्यान?" तिनं विचारलं.

"नाय. तारलेन त्याका गाणा म्हणून दाखवल्यान."

गोष्ट सांगणारा बाबा हाच, याची तिची खात्री पटली. तिचा चेहरा एकदम रडवेला आणि रागीट झाला.

"मगे आधी कित्याक नाय सांगलंस?" ती म्हणाली. "तू घरी येय आणि मिया तुझ्याशी बोलाक नाय!"

चार वर्षांच्या पोरीला पश्चात्ताप झालेला बघणं फार वाईट. त्यानं तिला नळ्या सांभाळून जवळ घेतलं आणि घोगऱ्या आवाजात मोकळा रडला. बाहेर यंत्रावर सगळं ऐकू जात होतं. बाबलनं आपणहून स्पीकर बंद केला.

दरवाजा उघडला तशी सावी आईकडे झेपावली आणि मग तिनं आईचा खांदा काही सोडला नाही. दत्तेशला त्याचं वाईट वाटलं नाही. जिन्यापर्यंत गेल्यावर मात्र तिनं मागे वळून बघितलं आणि अंगठा-तर्जनीचा गोल केला.

दोन महिन्यांनी दत्तेश पुन्हा जहाजावर होता, पुन्हा पिंपात. संध्याकाळचे सहा वाजले. त्यानं फोन घेतला आणि चार वर्षांत पहिल्यांदा आवाज सरळ करायचं बटण चालू केलं.

"सावी?"

पलीकडे हसू नाही.

"घोगऱ्या बाबा?" सावी म्हणाली.

"होय गो. तारली आज खंय गेली, सांगू?"

"नको."

"मगे काय होया तुका?"

"तू कधी येतलंस?"

इतक्या वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. तिचा बाबा फोनात सुखानं राहत होता. दत्तेशनं भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. खोटं सांगायची चूक तो पुन्हा करणार नव्हता, म्हणून त्यानं खरा आकडा सांगितला.

"सव्वीस दिवसांनी."

सावीनं फोन चालूच बाजूला ठेवला आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. दहावर बोटं संपली. ती क्षणभर थांबली आणि मग पुन्हा पहिल्या बोटापासून मोजायला लागली. दत्तेश फोन कानाला लावून ऐकत राहिला.